वाणात मिळालेली तपासणी

डोंबिवली पूर्वेच्या सुयोग सोसायटीत टाकीचं पाणी किती वाजता सोडायचं इथपासून कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ बरं इथपर्यंत शेवटचा शब्द सरोजताई टिपणीसांचा असे. त्या सोसायटीच्या अध्यक्ष नव्हत्या की सेक्रेटरी नव्हत्या. अध्यक्ष होते, सेक्रेटरी होते, आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी ते दोघे ‘ताईंना विचारलंत का?’ असं एकमेकांना विचारत. बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. फोनची जोडणी मिळायला माणसं वर्षानुवर्षं खेटे घालत त्या काळातली ती नोकरी. त्या खुर्चीवर बसून आयुष्यात कुणाचा पेढासुद्धा घेतला नाही, हे त्या चारचौघांत सांगत, आणि ते खरं होतं. पण ज्याने कधी लाच घेतली नाही त्याला वाटतं, आपल्याला कुणी वापरून घेऊच शकत नाही. माणूस फसतो तो तिथेच.

त्यांचे यजमान बाळ टिपणीस हे अगदी सज्जन गृहस्थ. बायकोचं भाषण चालू असताना पेपराआड हसू लपवणं हे त्यांचं जन्माचं काम. ‘आमच्या घरात निर्णय मीच घेतो, हिला विचारून,’ असं ते पाहुण्यांना सांगत. सरोजताई चिडत, पण सकाळचा चहा त्यांच्याच हातचा पीत.

बाई तोंडाने तिखट, पण माणसाला धरून. रखवालदाराच्या मुलीला शाळेत प्रवेश मिळेना तेव्हा त्या मुख्याध्यापकांच्या दाराशी जाऊन बसल्या आणि प्रवेश घेऊनच उठल्या. सोसायटीच्या हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवायचं असं त्यांनी ठरवलं तेव्हा दोन घरं रुसली. बाईंनी तो रुसवा खुशाल वर्षभर चालू दिला. त्यांची थोरली बहीण आसावरी पोटाच्या दुखण्याने गेली होती. ‘थोडं आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या,’ असं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य सरोजताईंच्या काळजात कायमचं रुतलं. पुढे जे झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे. वाक्य खोटं नव्हतं. ते कुणाच्या उपयोगी पडेल याचा मात्र त्यांना अंदाज नव्हता.

संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे हळदीकुंकवाचे दिवस. हळदीकुंकू म्हटलं की वाण आलं, आणि वाण म्हटलं की अलीकडे प्लॅस्टिक आलं. चाळणी, साबणदाणी, झाकण न बसणारा डबा. घरोघरच्या माळ्यांवर या वाणांची थप्पी लागलेली, कारण वाणाला नाही म्हणू नये आणि मिळालेलं वाण परत करू नये, हा नियम सगळ्या पाळतात. जिचा देवावर विश्वास नाही तीसुद्धा पाळते. सरोजताई दर वर्षी या प्लॅस्टिकवर तोफ डागत. बाईच्या खरोखर उपयोगी पडेल असं काहीतरी द्यावं, असं त्या महिला मंडळाच्या प्रत्येक सभेत म्हणत.

हे नेमकं कुणी एका आरोग्य कंपनीच्या कानावर घातलं कोण जाणे. अशाच एका जानेवारीत हर्षित नावाचा एक तरुण टिपणीसांची बेल वाजवून आत आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘काकू, या वर्षी वाणाचा खर्च मंडळाने करायचा नाही.’ तो ‘आरोग्यसोबत’ नावाच्या कंपनीचा होता. कंपनीचं ऑफिस घोडबंदर रोडला, काचेच्या इमारतीत. स्वतःचं हॉस्पिटल एकही नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या छोट्या नर्सिंग होमांशी करार, तासावर येणारे सर्जन, आणि पेशंटला घरून नेण्यापासून घरी सोडण्यापर्यंत सगळी व्यवस्था कंपनीची. मंडळातल्या प्रत्येक बाईला त्यांनी संपूर्ण तपासणीचं कार्ड द्यायचं ठरवलं होतं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं फुकट. कार्ड कमळाच्या आकाराच्या पाकिटात, सोबत हळदीकुंकवाची पुडी आणि तिळाची वडी.

सरोजताईंनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. बारीक अक्षरंसुद्धा चष्मा लावून वाचली. कुठेच काही वावगं नव्हतं. बहीण आठवली, डोळे भरून आले. ‘याला म्हणतात वाण,’ असं त्या बाळ टिपणीसांना म्हणाल्या. टिपणीसांनी पेपर खाली घेतला आणि विचारलं की त्या कंपनीला यात काय मिळतं. सगळ्या गोष्टीत संशय घ्यायचा नसतो, असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी पेपर पुन्हा वर केला.

त्या वर्षी बाईंनी आणखी एक गोष्ट केली. घरोघरी काम करणाऱ्या बायकांनाही त्यांनी हळदीकुंकवाला पाहुण्या म्हणून बोलावलं. त्यांच्याकडे पोळ्या करायला येणारी हौसाबाई आली. मूळची खडवलीची, आता पाथर्लीला राहणारी, पंचेचाळिशीची. तिला खुर्चीवर बसवलं, अत्तर लावलं, ओटी भरली आणि सरोजताईंनी स्वतःच्या हाताने ते कमळाचं पाकीट तिच्या ओंजळीत ठेवलं. ज्या घरांत ती पोळ्या लाटते त्या घरांतल्या बायकांच्या रांगेत ती बसली होती. तिने ते पाकीट घरी नेऊन देवापुढे ठेवलं. तपासणीला जाताना नवं लुगडं नेसली.

मग अहवाल येऊ लागले. सुयोगमधल्या बायका इतक्या आजारी असतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कुणाच्या पित्ताशयात खडा, कुणाच्या पिशवीत गाठ, कुणाच्या गुडघ्याची वाटी झिजलेली. प्रत्येकीला कंपनीकडून एक ‘आरोग्यमैत्रीण’ फोन करायची. आवाज असा की सख्खी बहीण बोलतेय वाटावं. आज काही त्रास नसला तरी उद्याचं सांगता येत नाही, गाठीचा पुढे कॅन्सर झाला तर, मुलांचा विचार करा, असं ती हळू आवाजात सांगायची. बायका घाबरून सरोजताईंकडे यायच्या. सरोजताई धीर द्यायच्या आणि म्हणायच्या, ‘वेळेवर कळलं हे नशीब समज. माझ्या बहिणीला नाही कळलं.’ एकेक बाई ऑपरेशनला जाऊ लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या मीराबाईंचं पित्ताशय काढलं. तळमजल्यावरच्या सोनलचं गर्भाशय काढलं. सोनल अडतीस वर्षांची. नवरा साईनाथ ठाण्याला नोकरीला, विमा त्याच्या ऑफिसचा, घरचा एक पैसा लागला नाही. पैसा लागत नाही तेव्हा कुणी प्रश्नही विचारत नाही. ‘एक मुलगी झालीय ना, आता काय करायचीय ती पिशवी,’ असं ज्या बायका म्हणाल्या त्यांत सरोजताईही होत्या. जुनी सायकल भंगारात काढावी तसं बाईच्या पोटातल्या अवयवाबद्दल बायकाच बोलतात, आणि बोलताना आपण शहाणपणाचं बोलतोय असं त्यांना वाटतं. सोनल घरी आल्यावर बाईंनी तिला रोज मऊ भात करून नेला.

हौसाबाईच्याही पिशवीत गाठ निघाली. विमा नव्हता, पण कंपनीने हप्त्यांची सोय करून दिली. नवऱ्याच्या फोनवर दोन-चार बटणं दाबली की कर्ज मंजूर. तिचा नवरा दगडू टेम्पो चालवायचा. तो एकदा सरोजताईंकडे आला आणि उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला की हिला तर काही होत नाही, खाते-पिते, कामाला जाते, मग पोट कशाला फाडायचं. सरोजताईंनी त्याला असं झोडपलं की शेजारच्या घराचं दार उघडलं. बायकोच्या जिवापेक्षा तुला टेम्पोचा हप्ता मोठा वाटतो का, ती मेली तर दुसरी करायला मोकळा, असं बरंच काही. दगडू मान खाली घालून ऐकत राहिला आणि गेला. संध्याकाळी त्याने फोनवर ती बटणं दाबली.

मार्च सरता सरता हर्षित पुन्हा टिपणीसांकडे आला. या वेळी हातात शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा. ठाणे-कल्याण पट्ट्यात सगळ्यांत चांगला प्रतिसाद सुयोग सोसायटीचा आला होता. इथून सात सर्जरी झाल्या होत्या, उद्या आठवी, हौसाबाईंची. ऑफिसमध्ये सगळे सुयोगचं नाव घेतात, असं तो मनापासून, कौतुकाने सांगत होता. कंपनीला आता प्रत्येक सोसायटीत काकूंसारखी एक विश्वासाची व्यक्ती हवी होती. मंडळाला प्रत्येक सर्जरीमागे काही देणगी मिळेल, काकूंचा फोटो पत्रकावर येईल.

‘सर्जरीमागे’ हा शब्द सरोजताईंच्या कानात खटकला. पण त्यांना आधी वेगळंच आठवलं. त्यांच्या स्वतःच्या अहवालातही पित्ताशयात खडा लिहिला होता. मीराबाईंएवढाच. मग त्यांना त्या आरोग्यमैत्रिणीचा फोन का आला नाही, असं त्यांनी सहज विचारलं.

हर्षितने फोनवर काहीतरी बघितलं आणि हसून म्हणाला, ‘काकू, तुमचं टेलिफोन खात्याचं मेडिकल कार्ड आहे ना, ते आमच्याकडे चालत नाही. म्हणून सिस्टीमने तुम्हाला फॉलो-अप लावला नाही. आणि तसंही, दुखत नसेल तर त्या खड्याला काही करायची गरज नसते.’

बाळ टिपणीसांनी पेपर घडी घालून ठेवून दिला. हर्षितला आपण काय बोललो ते कळलं नाही. त्याने कुठलं गुपित सांगितलंच नव्हतं, त्याच्या ऑफिसात ते रोज सगळ्यांसमोर बोलत असतील. एकाच मापाचा खडा मीराबाईंच्या पोटात असला तर धोका आणि सरोज टिपणीसांच्या पोटात असला तर गरज नाही. फरक खड्यात नव्हता, कार्डात होता. सरोजताईंनी शाल-नारळ-पेढे त्याच्या हातात परत दिले. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. हे पोरगं तर नातवाच्या वयाचं. त्याला शिव्या घालून काय होणार? ज्यांनी हा धंदा मांडला ते कधी कुणाच्या दारात नमस्कार करायला येत नाहीत. ते कमळाचं पाकीट छापतात आणि दारोदार फिरायला सरोज टिपणीस शोधतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवरा-बायको रिक्षाने, हौसाबाईला ठेवलं होतं त्या एमआयडीसीकडच्या नर्सिंग होमला पोचले. जिन्यावर दगडू बसला होता. हौसाबाई वर, हिरव्या कपड्यात, हाताला सुई लावलेली, उपाशी. सरोजताई तिच्या खाटेशी बसल्या आणि जो प्रश्न सोनोग्राफीवाल्याने विचारला नव्हता, फोनवरच्या मैत्रिणीने विचारला नव्हता, ऑपरेशनची तारीख देणाऱ्या डॉक्टरने विचारला नव्हता, तो त्यांनी आज पहिल्यांदा विचारला. तुला त्रास काय होत होता?

‘मला?’ हौसाबाई म्हणाली. ‘मला कुठं काय होत होतं, ताई? तुमी म्हनालात म्हनून आले.’

सरोजताईंनी सगळं सांगायचा प्रयत्न केला. खडा, कार्ड, सात बायका. सांगता सांगता आवाज चढला. ऊठ, कपडे बदल, आपण इथून जायचं, असं त्या म्हणाल्या. हौसाबाई उठली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात राग नव्हता, नुसती दमणूक होती.

‘तवा तुमी म्हनालात कर, मी आले. आता म्हनता नको करू. ताई, तुमचं नेमकं कंचं ऐकू?’

आयुष्यभर ज्यांचा शब्द शेवटचा होता त्या बाई खाटेशेजारून उठून बाजूला झाल्या. बाळ टिपणीसच मग पुढे झाले. ते हौसाबाईला एवढंच म्हणाले की आज फक्त इथून बाहेर पड, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, मग ते सांगतील त्यावर तू आणि दगडू ठरवा. आम्ही दोघं तोंड उघडणार नाही. हौसाबाईने आपल्या हाताकडे बघितलं. मग सुई काढायला सांगा म्हणाली.

काउंटरवर वेगळंच नाटक. पेशंट स्वतःच्या जबाबदारीवर जातोय, असा कागद पुढे आला. त्यावर नवऱ्याची सही पाहिजे. दगडूने हात मागे घेतले.

‘सही मी नाय करायचो. उद्या हिला काय झालं तर तुमीच म्हनाल, दगडूनं पैशापायी बायको मारली.’

हे तो सरोजताईंकडे बघून म्हणाला, आणि अगदी शांतपणे म्हणाला. त्याला तसं बोलायला शिकवलं होतं ते त्यांनीच, स्वतःच्या उंबऱ्यावर, शेजाऱ्यांच्या देखत. त्यांनी त्याची माफी मागितली. काउंटरवरची मुलगी, दोन वॉर्डबॉय आणि रांगेतले लोक ऐकत असताना मागितली. तरी दगडूने पेन घेतलं नाही. माफीने भीती जात नाही. शेवटी हौसाबाईनेच कागद ओढला. पोट माझं आहे, सही मी करते, म्हणाली. नियमात बसत नाही, असं काउंटरवरची मुलगी सांगू लागली तेव्हा मात्र सरोजताईंना त्यांचा आवाज सापडला. शहाण्या बाईने स्वतःच्या पोटाबद्दल सही करायची नाही असा नियम असेल तर तो छापील आणून दाखव, असं त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की आतून मॅनेजर आला. छापील नियम कुणालाच सापडला नाही. हौसाबाईने एकेक अक्षर जुळवत सही केली.

कल्याणला जुन्या वस्तीत डॉ. नीरजा मोडक नावाच्या वयस्कर स्त्रीरोगतज्ज्ञ बसतात. खोलीत दोन लाकडी बाकडी आणि भिंतीवर कॅलेंडर. त्यांनी हौसाबाईशी अर्धा तास गप्पा मारल्यासारख्या गप्पा मारल्या. पाळी कशी येते, अंगावरून जातं का, दुखतं का, मुलं किती, झोप लागते का. मग तपासलं आणि अहवाल बघितला. या वयात बऱ्याच बायकांच्या पिशवीत अशी बारीक गाठ असते, पाळी गेली की ती आपोआप आकसते, सहा महिन्यांनी पुन्हा ये, एवढंच त्यांनी सांगितलं. मशिनात गाठ दिसणं वेगळं आणि बाई आजारी असणं वेगळं, असंही म्हणाल्या. सरोजताईंना तिथल्या तिथे रडू फुटलं. हौसाबाई बाहेर येऊन दगडूला म्हणाली की भूक लागलीय, वडापाव घे.

दगडूचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात कापला गेला. ऑपरेशन झालंच नाही, तरी कर्ज झालं होतं. घोडबंदरच्या ऑफिसात फोन केला की आवाज यायचा, ‘तुमची काळजी हेच आमचं काम.’ सरोजताई रोज सकाळी पूजेनंतर फोन लावायच्या आणि तो आवाज ऐकून संतापाने लाल व्हायच्या. ग्राहक मंचात तक्रार केली, तारीख लागली. त्या झगडत राहिल्या. झगडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

पण घरात बसून झगडणं सोपं होतं. खाली सोसायटीत जाणं अवघड. ज्या बायकांच्या हातात त्यांनी ती पाकिटं ठेवली होती आणि ज्यांचं अजून काही कापलं नव्हतं, त्या प्रत्येकीच्या दारी त्या गेल्या. आधी दुसरा डॉक्टर, मग काय ते ठरवा, असं सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी मान हलवली, एक म्हणाली की ताईंचं आता वय झालं. मीराबाईंकडे गेल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या की झालं ते झालं, आता मला काही सांगू नका. सरोजताई काही न सांगता परत आल्या.

सोनलकडे त्यांनी सगळ्यांत शेवटी जायचं ठेवलं होतं. खरं तर जायचंच नव्हतं. पण हौसाबाईची गोष्ट ती पोळ्या करते त्या घरांतून सोसायटीभर पोचली होती, आणि एका दुपारी सोनलनेच दार उघडून त्यांना जिन्यात थांबवलं. ऑपरेशनपासून ती सारखी घामेजलेली असायची, कंबर धरून चालायची, लेकीला उचलून घेत नव्हती. चेहरा सुकला होता. बसा म्हणाली नाही, चहाचं विचारलं नाही. दाराला टेकून उभी राहिली. हौसाबाईच्या पिशवीतली गाठ किती मोठी होती, असं तिने विचारलं. सरोजताईंनी सांगितलं. सोनलने मान हलवली. तिचीही तेवढीच होती.

मग तिने विचारलं, ‘काकू, मला तरी कुठे काय होत होतं?’

तिने हे भांडून विचारलं नाही. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. सरोजताईंनी कठडा धरला. आत तिची मुलगी टीव्ही बघत होती, त्याचा आवाज जिन्यात येत होता. सोनलने दार लावलं नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.